लाल पाण्याचे साक्षीदार

१

नदीकडच्या दारामागचा गाळ उपसला, तेव्हा सर्वांत आधी दिसला तो सागवानी अडसर. दोन्ही बाजूंच्या दगडी खाचांत तो पक्का बसलेला होता. बळीराम मिस्त्रीने पहारीचे टोक खाचेत घालून पाहिले आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, हे दार तर बंदच हाये."

मी वाकून पाहिले. नदीचा बारीक गाळ थरावर थर असा अडसरावर चढला होता. खाचेच्या तळाशी, अडसराखाली, मात्र गाळाचा कण नव्हता; नुसते लाकूड आणि दगड. पूर ओसरल्यावर कोणी अडसर घातला असता, तर गाळ खाली असता आणि लाकूड वर. याचा अर्थ एकच होता. पाणी चढले तेव्हा हे दार बंद होते.

माझ्या पिशवीत 'नागतीर विणकर सहकारी सोसायटी'च्या नियोजित स्मरणिकेचा मसुदा होता. गोदामाचा इतिहास लिहिण्याचे काम सोसायटीने मला दिले होते. एक परिच्छेद मात्र अध्यक्ष भैयाजींनी स्वतः लिहून पाठवला होता. इतिहासकाराच्या हातून चूक होऊ नये, ही काळजी ज्यांना वाटते त्यांच्याविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. परिच्छेद असा होता: "१९६४ च्या पुरात पहारेकरी शालिकराम याने मद्याच्या अमलाखाली नदीकडचे दार उघडून आत प्रवेश केला. त्या उघड्या दाराने पूर आत शिरून सभासदांचे बहुतेक सूत वाहून गेले व उरलेल्याचा रंग उतरून ते निकामी झाले. शालिकराम स्वतःही त्यात बुडाला."

हे दार कोणी उघडलेलेच नव्हते.

"बळीराम," मी म्हणाले, "अडसर काढायचा नाही. कोणी सांगितलं तरी."

"कोणी म्हंजे? भैयाजी तर उद्यापासून भिंती खरवडा म्हनून राहिले. चुना लावाचा हाये."

मी मान वर करून भिंतींकडे पाहिले आणि त्या क्षणी मला दुसरी गोष्ट दिसली. ती मी त्याला सांगितली नाही.

२

या गोदामाचा इतिहास तसा थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज कापूस कंपनीने नाग नदीच्या काठी ते बांधले. काळा दगड, आतून चुन्याचा गिलावा, सागाच्या तुळया. रस्त्याकडे एक दार आणि नदीकडे एक. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून बैलगाड्या थेट आत येत. युद्धाच्या काळात इथे लष्कराचे तंबू होते. स्वातंत्र्यानंतर ते विणकरांच्या सोसायटीला मिळाले आणि सरकारी कोट्याचे सूत इथे उतरू लागले. मालक बदलले, कुलपे बदलली. आत काय आहे हे बाहेर कळू न देण्याची सोय तेवढी प्रत्येकाने जपली.

पूर आला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी. ईडापिडा घालवायला मारबतीचा पुतळा मिरवत नेऊन जाळतात; सारा मोहल्ला त्या मिरवणुकीत होता. सूत गेले आणि त्या वर्षी आमच्या गल्ल्यांतले माग एकामागून एक थांबले. विणकर गिरण्यांत गेले, विडी वळायला बसले, काही मुंबईस गेले. माझे वडील सायकल रिक्षा ओढू लागले. दोष कोणाचा हे सर्वांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. वर्तमानपत्रात छापलेले असते तेवढ्या खात्रीने.

आता, १९७९ साली, त्याच गोदामाचे सभागृह होणार होते. नाव भैयाजींचे.

त्यांचे घर नंदनवन या वस्तीत आहे. मी गेले तेव्हा ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"या, या, कौशल्याबाई! झाला का आमचा इतिहास?"

"नदीकडचं दार बंद सापडलं, भैयाजी. आतून अडसर आहे."

त्यांनी आणखी एक सुपारी अडकित्त्यात धरली.

"मंग पुरानंतर लावलं असल कोणी. पंधरा साल झाले. तुमी इतिहास लिहा ना, पंचनामा कायले करून राहिल्या?"

"तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"मौद्याले. सासुरवाडीले. कन्हानच्या पुरानं रस्ता बंद, तीन-चार दिवसांनी आलो. पाहतो तं काय, सत्यानाश! लोक सांगून राहिले होते, रस्त्याकडच्या झरोक्यातून लाल पानी वाहून राहिलं होतं म्हने, जसं गुलालाचं पिंप फुटलं."

"कोण लोक?"

"देवराव. बाबाराव. सारेच." ते हसले. "शालिकरामबद्दल माह्या मनात काई नाई बरं का. गेलेल्या मानसाले काय बोलाचं? पन खरं ते खरं. छापाच लागते."

३

शालिकरामची विधवा रुख्माबाई अजून त्याच गल्लीत राहते. पोळा दोन दिवसांवर होता. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी बांबूचा सांगाडा उभा केला होता. त्यावर अजून कागद चढायचा होता. मारबतीबरोबर निघणारे हे पुतळे, बडगे, कुठे महागाईचे असतात, कुठे मंत्र्याचे. या गल्लीचा बडग्या गेली पंधरा वर्षे ठरलेला आहे. डोक्याला मुंडासे, गळ्यात दारूची बाटली. तो वाजतगाजत रुख्माबाईच्या दारावरून जातो आणि नदीकाठी जाळला जातो.

ती उंबऱ्यात विड्या वळत होती. पूर्वी ती विणकरांच्या घरी सुताच्या कांड्या भरीत असे. पुरानंतर तिच्या हातच्या कांड्या कोणी घेतल्या नाहीत.

"काहून आली वं, कौशल्या? मोठी मास्तरीन झाली, इकडची वाट सापडली?"

"शालिकरामकाकांबद्दल विचारायचं होतं."

"विचार. बाकी सगळ्याईले मालूम हाये, मलेच कोणी विचारत नाई." तिने पान कातरीने कापले. "तुह्या पुस्तकात नाव छापून येनार म्हनते त्याचं."

"अजून छापलेलं नाही."

"बडग्या तरी दर साली जळून जाते बाई. पुस्तक थोडी जळते."

मी विचारले, "त्या दिवशी ते प्यायले होते?"

"पेयाचा थो. खोटं कायले बोलू? पन त्या दिवशी नाई. सकाळपासून नदीकडं पाहून राहिला होता. मले म्हने, पानी चढून राहिलं, सूत वरच्या फळ्याईवर टाकाव लागते, किल्ली आनतो. देवरावच्या घरी गेला, थो मारबतीत. परत येऊन मले म्हने, दुसरीकडून आनतो. मंग गेला थो गेला."

"हे कोणाला सांगितलंत?"

"पोलिसाले सांगतलं, सोसायटीले सांगतलं. म्हने, बेवड्याची बायको आनखी काय सांगनार." विडीला दोरा बांधून तिने ती सुपात टाकली. "मले काई नाई पायजे वं. एक साल थो माह्या दारावरून जळाले जाऊ नये. बस."

४

देवराव त्या वेळी सोसायटीचा भांडारपाल होता. आता त्याचे इतवारीत पानाचे दुकान आहे. त्याने मला ओळखले, बाकावर बसवले आणि न मागता चहा मागवला. ज्यांना फार बोलायचे नसते ते असेच आदरातिथ्य करतात.

"किल्ली माह्या करदोड्याले होती, बाई. आन मी पिवळ्या मारबतीच्या गाड्याले. हजार लोकाईनं पाहिलं असल."

"कुलूप कधी उघडलंत?"

"पानी उतरल्यावर. दोन रोज पानी आत साचूनच होतं. पंच होते, पोलीस होता. मी माह्या हातानं उघडलं."

"म्हणजे रस्त्याकडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि शालिकराम आत."

"हो."

"मग तो आत गेला कसा?"

"नदीच्या दारानं. थे उघडंच होतं ना."

"तुम्ही ते उघडं पाहिलंत?"

देवरावने काताचा चमचा पानावर दोनदा फिरवला. "छातीइतका गाळ होता तिकडं. कोन जाते पाहाले? भैयाजीनं मौद्याहून आल्यावर लिहून आनलं, सगळ्याईनं सह्या केल्या."

"गाळात सुताची एखादी लडी सापडली?"

"एकबी नाई. भैयाजी म्हने, वाहून गेलं, उरलं थे गाळाखाली निकामी."

"दार बंद होतं, देवरावभाऊ. अडसर अजून तिथंच आहे. जाऊन पाहा."

दुकानासमोर उभे गिऱ्हाईक "अबे, पान देतो का नाई?" असे दोनदा म्हणाले, तेही त्याला ऐकू आले नाही.

"दुसरी किल्ली कोणाकडे होती?" मी विचारले.

"भैयाजीकडं. अध्यक्ष तवाबी तेच; त्या खेपेचा कोटा त्याईनंच आपल्या किल्लीनं उतरवला, म्या नुसती कागदावर सही केली. पन पुराच्या दिवशी ते तं मौद्याले होते."

"आणि ते लाल पाणी? तुम्ही पाहिलंत?"

"मी नाई. बाबारावनं सांगतलं. झरोक्यातून वाहून राहिलं होतं, जसं गुलालाचं पिंप फुटलं."

जुने कागद वाचणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. दोन साक्षीदार जेव्हा एकच उपमा वापरतात, तेव्हा ते दोन नसतात. त्यांतला एक दुसऱ्याचे ऐकून बोलत असतो. किंवा दोघेही तिसऱ्याचे. भैयाजी म्हणाले होते की हे आपण देवराव आणि बाबारावाकडून ऐकले. देवराव म्हणत होता, बाबारावाकडून. उरला बाबाराव.

५

बाबारावची रंगाची भट्टी नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. सोसायटीचे सारे रंगकाम पुराच्या आधीपासून त्याच्याकडे. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे असतात.

"बाबारावकाका, त्या साली तुम्ही लुगड्यांच्या काठाचं सूत लाल रंगात रंगवलं होतं?"

"हो ना. कच्चा रंग होता, उतरला. त्यापायी लय शिव्या खाल्ल्या म्या."

मी त्याच्या ओट्यावरचा चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा उचलला. तिथेच पिळायला ठेवलेल्या लाल लडीवर तो टेकवला आणि त्याच्यासमोर धरला. तुकडा लाल झाला होता.

"हा डाग किती दिवस राहील?"

"चुन्यावर? चुना पडल तवा जाईल."

"गोदामाच्या भिंतींना आतून चुनाच आहे. पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे. त्या रेघेखाली गाळाचा पिवळा रंग आहे आणि दुसरा कोणताही नाही. चारही भिंती पाहिल्या. एवढं सूत, कच्चा लाल रंग, दार बंद, पाणी दोन दिवस साचलेलं. रंग गेला कुठे, काका?"

तो भट्टीकडे वळला आणि विझलेल्या लाकडांत काठी घालू लागला.

"तुम्हाला लाल पाण्याचं कोणी सांगितलं?"

"पाहिलं म्या."

"गुलालाचं पिंप फुटल्यासारखं?"

"हो."

"देवरावही असंच म्हणतो, तुमच्याकडून ऐकून. भैयाजीही असंच म्हणतात. तिघांच्या तोंडी एकच पिंप. ते आधी कोणाच्या तोंडी होतं?"

त्याने काठीने राख बाजूला ओढली. मग म्हणाला, "सूत आलंच नव्हतं बाई माह्याकडं. त्या साली एक लडी नाई रंगवली म्या. कोटा आला, पन गाड्या इकडं वळल्याच नाईत. भैयाजीनं परस्पर पावरलूमवाल्याईकडं धाडल्या."

"आणि भैयाजी?"

"मारबतीच्या संध्याकाळी आले. वल्ले चिंब. म्हने, बाबाराव, सूत बुडालं, तुहा रंग उतरला, लाल पानी निघून राहिलं जसं गुलालाचं पिंप फुटलं. म्या म्हटलं, माहा रंग कोनता? म्हने, लोकाईले असंच सांग, तुहं काम कोनी तोडनार नाई."

"मारबतीच्या संध्याकाळी? ते तर मौद्याला होते."

बाबारावची काठी थांबली. पंधरा वर्षांत त्याने हा हिशेब कधी केलाच नव्हता, की केला होता आणि गिळला होता, हे मी ठरवू शकले नाही. दोन्ही शक्यता मला सारख्याच किळसवाण्या वाटल्या.

"भैयाजी विणकराच्या पोटचे आहेत," मी म्हणाले. "दुसरा कोणी असता तर 'वाहून गेलं' एवढंच बोलून थांबला असता. पण विणकरांना ठाऊक, की कोरं सूत कितीही भिजलं तरी धुऊन, वाळवून मागावर चढतं. एकाने जरी 'उरलेलं भिजकं सूत तरी द्या' असं म्हटलं असतं, तर द्यायला काहीच नव्हतं. रंग उतरलेलं सूत मात्र कोणी मागत नाही, म्हणून ते रंगवावं लागलं. नुसत्या शब्दांनी."

"मंग आता?"

"उद्या पोळा. माग बंद, सगळे मोकळे. तुम्ही गोदामात या."

"अन् नाई आलो तं?"

"तर मी तुमच्याशिवाय सांगेन. तेव्हा तुम्ही साक्षीदार नसाल, काका. तेव्हा तुम्ही भैयाजींचे भागीदार असाल."

६

भिंती खरवडायला माणसे आलीच नाहीत. पोळा झाल्याशिवाय पहार उचलणार नाही, असे बळीरामने भैयाजींच्या निरोप्याला सांगितले होते. सणाचे कारण असल्यामुळे कोणाला काही बोलता आले नाही.

सभासद जमले. ज्यांचे माग गेले होते तेही आले, कारण सभागृहाचे नवे रूप दाखवणार असल्याचे मी सांगितले होते. देवराव अडसराजवळ बसून खाचेतला गाळ बोटाने उकरून पाहत होता. बाबाराव सर्वांत मागे. रुख्माबाई दारातच उभी राहिली. आत ये असे तिला कोणी म्हणाले नाही, तेव्हा तिने स्वतःच पाय आत टाकला. भैयाजी खुर्चीवर होते. खुर्ची त्यांनी घरून आणवली होती.

मी फार बोलले नाही. आधी अडसर दाखवला. मग भिंतींवरची पुराची रेघ दाखवली आणि विचारले, "रेघेखाली लाल कुठे दिसतो, ते मला कोणीतरी दाखवा."

विणकर माणसे. तीन-चार जण उठून भिंतीला हात लावून आले. एकाने नखाने गिलावा खरडून वास घेतला. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. सूत नव्हतेच, हे त्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसले. त्या चेहऱ्यांकडे पाहणे सोपे नव्हते.

"दार बंद होतं," मी म्हणाले, "म्हणून काही वाहून गेलं नाही. भिंती कोऱ्या आहेत, म्हणून काही भिजलंही नाही. गोदाम रिकामं होतं; सूत आधीच पावरलूमवाल्यांना विकलं होतं. आणि नदीचं दार बंद होतं, म्हणून शालिकराम रस्त्याकडच्या दाराने आत आला. किल्लीने. मग कोणीतरी बाहेरून कुलूप घातलं. पाणी मोरीतून चढलं; नदीकडचा अडसर काढावा, तर बाहेर पूरच होता. किल्ल्या दोन. देवरावभाऊंची मारबतीच्या गर्दीत होती."

"आन माही मौद्याले!" भैयाजी ओरडले.

मागून बाबारावचा आवाज आला, घोगरा. "संध्याकाळी माह्या भट्टीवर होते तुमी. गोदाम उघडाले दोन रोज होते, आन तुमाले आतल्या सुताचा रंग उतरल्याचं मालूम होतं."

एवढा वेळ गप्प असलेली माणसे एकदम बोलू लागली. एक तरुण खुर्चीजवळ जाऊन म्हणाला, "उद्या याचाच बडग्या! बाटली नको, गळ्यात कुलूप बांधू!" हशा झाला. तो हशा मला भैयाजींच्या खोटेपणाहून असह्य झाला.

रुख्माबाई पुढे आली. ती भैयाजींसमोर उभी राहिली.

"किल्ली मागाले थो तुमच्याकडं आला होता?"

भैयाजींनी इकडेतिकडे पाहिले. खुर्चीभोवती सारे त्यांचेच सभासद होते आणि वाट नव्हती.

"आत गेला, पाहिलं, ओरडाले लागला," ते म्हणाले. "बाहेर मारबतीची गर्दी. म्या म्हटलं, मिरवनूक जाईपर्यंत राहू दे आत. मंग समजावतो. पानी एवढं चढल असं वाटलं नव्हतं."

"मंग कुलूप काहून नाई काढलं?"

देवराव उठला आणि पोलीस चौकीकडे निघाला. त्याला कोणी अडवले नाही.

तो तरुण पुन्हा म्हणाला, "काकू, उद्या पाहा तुमी, असा जाळतो याले—"

"नाई जाळाचं." रुख्माबाईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "जाळलं का तुमचं मन भरते. पंधरा साल तुमी माह्या मानसाले जाळलं, आन घरी जाऊन जेवले. याले काहून तेवढ्यावर सोडता? याच्यावर खटला होऊ द्या." मग ती माझ्याकडे वळली. "पुस्तक लिहून राहिली ना तू?"

"हो."

"याचं नाव लिही. कुलूप यानं लावलं. आन दर साली बडग्याच्या गळ्यात बाटली ज्याईनं बांधली, त्याईचीबी नावं लिही. ज्याईनं ढोल वाजवला, त्याईचीबी. इथंच हायेत सगळे."

मी कागद काढला. माणसे एकमेकांकडे न पाहता जमिनीकडे पाहू लागली. काही हळूच दाराकडे सरकली, पण बाहेर पडली नाहीत. मी थांबून राहिले. मला घाई नव्हती.

शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारा विणकर उठला आणि खालमानेने आपले नाव पुटपुटला.

"मोठ्यानं सांग," रुख्माबाई म्हणाली.